मागचा दिवा

८ एप्रिल २०२५, मंगळवार. ऑफिसच्या पँट्रीत चहाचं पाणी गरम करत होतो, तेवढ्यात विद्यापीठातून फोन आला. पलीकडे डीएसओ बाई. परदेशी विद्यार्थ्यांचे कागद सांभाळणं हे त्यांचं काम, आणि एरवी त्या ईमेलशिवाय बोलत नाहीत. म्हणाल्या, "आत्ता कामावर आहेस का?" हो म्हटलं. "मग काम थांबव. बाहेर जा आणि मला उलट फोन कर."

पार्किंगमध्ये गाडीत बसून जे ऐकलं ते एवढंच होतं : सेविसमधली माझी नोंद बंद झाली आहे. विद्यापीठाने केलेली नाही, वरून झाली आहे. कारणाच्या रकान्यात एक छापील वाक्य होतं, ते त्यांनी वाचून दाखवलं. गुन्हेगारी नोंदींच्या तपासणीत ही व्यक्ती आढळली आणि/किंवा तिचा व्हिसा रद्द झाला आहे. त्या 'आणि/किंवा'वर मी पुढे बऱ्याच रात्री काढल्या.

"तुम्हाला कुणी कळवलं?"

"कुणी नाही. हल्ली आम्हीच रोज सकाळी यादी उघडून बघतो, आज कोण गेलं ते."

सेविस ही अमेरिकेत ९/११ नंतर उभारलेली, २००३ पासून चालू असलेली यंत्रणा. इथल्या प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याची एक नोंद तीत असते : कुठे शिकतो, कुठे राहतो, कुठे काम करतो. मी तिच्याकडे तोपर्यंत रेशनकार्डाच्या नजरेने बघत होतो. पत्ता बदलला की जाऊन नोंदवायचं, बाकी विसरून जायचं. या नोंदीवर माझं काम, पगार, लायसन, घरभाडं, सांगलीतल्या बँकेचा हप्ता असं सगळं एकावर एक रचलेलं आहे हे त्या गाडीत बसल्यावर कळलं.

गुन्हेगारी नोंद म्हटल्यावर मात्र लगेच आठवलं.

मे २०२४ मध्ये माझं एमएस संपलं. जॉर्जिया राज्यात आमच्यासारख्यांचं ड्रायव्हिंग लायसन आय-२० वरच्या, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावरच्या, तारखेला बांधलेलं असतं. शिक्षण संपलं की तेही संपतं. पुढे वर्षभर काम करायची परवानगी, म्हणजे ओपीटी, तिचं कार्ड पोस्टाने आलं की ते दाखवून लायसन वाढवून घ्यायचं. माझं कार्ड रखडलं. मधल्या तीन आठवड्यांत मी गाडी चालवायला नको होती, हे कबूल. पण अटलांटाच्या उपनगरात गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. जूनमधल्या एका रात्री साडेनऊला दूध आणि कांदे घेऊन परतताना मागे निळे दिवे लागले. माझ्या जुन्या होंडाचा डावीकडचा मागचा दिवा गेला होता.

पोलीस सभ्य होता. त्याने लायसन पाहिलं, तारीख पाहिली, "सॉरी, बडी" म्हणाला आणि बेड्या घातल्या. कांदे गाडीतच राहिले. काउंटीच्या तुरुंगात दहाही बोटांचे ठसे, समोरून फोटो, बाजूने फोटो. बुटाच्या नाड्या काढून एका पिशवीत ठेवल्या. पहाटे तीनला रूममेटने जामीन भरला. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांसमोर नवं लायसन दाखवलं आणि खटला रद्द झाला. सगळं मिळून दोन मिनिटं. निघताना मी खिडकीतल्या बाईला विचारलंही, "आता हे कुठे राहत नाही ना?" ती म्हणाली, "यू आर गुड, हनी." बल्ब तर मी त्याच आठवड्यात बदलला होता. आठ डॉलर.

पण ठसे राहतात. खटला रद्द झाला तरी एफबीआयच्या एनसीआयसी नावाच्या माहितीसाठ्यात अटकेची ओळ राहते. पुढे काय झालं हे राज्याने कळवलं तर कळवलं, नाहीतर तो रकाना रिकामा.

आता एक कबुली. ५ फेब्रुवारीला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं होतं. हातात बेड्या, पायात साखळ्या. त्यांतले तिघे महाराष्ट्रातले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं की बेड्या घालायची ही पद्धत २०१२ पासूनची आहे. इथल्या आमच्या मराठी ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली. एक काका, इथे पंचवीस वर्षं, आता नागरिक, त्यांनी लिहिलं, "रांगेत उभं राहून आलेल्यांना कसली भीती?" मी त्याला अंगठा दिला. वर स्वतःचंही एक वाक्य जोडलं, "नियम सगळ्यांना सारखे हवेत." एप्रिलमध्ये ते पुसायला गेलो तर पुसायची मुदत टळली होती. अजून तिथेच आहे.

मार्चच्या शेवटी रुमेसा ओझतुर्कचा व्हिडिओ आला. टफ्ट्स विद्यापीठात पीएचडी करणारी तुर्की मुलगी. सॉमरव्हिलच्या रस्त्यावर इफ्तारला निघालेली असताना साध्या कपड्यांतल्या, तोंड झाकलेल्या माणसांनी तिला घेरलं. ती ओरडली तो आवाज कानातून जात नाही. तिने काय केलं होतं? गाझाबद्दल विद्यापीठाच्या दैनिकात तिघांबरोबर मिळून एक लेख लिहिला होता. त्याबद्दल लुइझियानात सहा आठवडे कैद. तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला, आणि तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर मनात काय आलं ते लिहितो : मी तर कधी काही लिहिलेलंच नाही.

तर ८ एप्रिल. एचआरच्या बाईंनी "यात तुझी काही चूक नाही हे आम्हाला माहीत आहे" असं म्हणत लॅपटॉप आणि बॅज घेतला. दुपारी साडेबाराला मी बेकार होतो. त्या क्षणापासून एक तासही काम केलं असतं तर ते बेकायदा ठरलं असतं. ३१ मार्चला एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नाव आलं नव्हतं, म्हणून ओपीटी आणखी चोवीस महिने वाढवून मिळण्याचा अर्ज तयार होता. डीएसओच्या सहीचा नवा आय-२० तेवढा बाकी होता. बंद नोंदीवर तो निघत नाही.

दोन दिवसांनी स्पॅममध्ये एक मेल सापडला. दूतावासाच्या नावाने आलेला. आधी वाटलं, फसवणूक. इथल्या प्रत्येक भारतीय मुलाला महिन्यातून एकदा तरी "तुमचा व्हिसा धोक्यात आहे, गिफ्ट कार्डं घेऊन या" असा फोन येतोच. हा मेल मात्र खरा निघाला. तुमचा व्हिसा दिल्यानंतर नवी माहिती हाती आली, म्हणून तो रद्द केला आहे. कायदेशीर परवानगीशिवाय राहिलात तर दंड, कैद, हकालपट्टी. हकालपट्टी तुमच्याच देशात होईल असं नाही, दुसऱ्या देशातही पाठवलं जाऊ शकतं. त्यापेक्षा सीबीपी होम नावाचं अॅप घ्या आणि आपण होऊन निघून जात असल्याचं कळवा. महिन्याभरापूर्वीच दोनशेहून अधिक व्हेनेझुएलन माणसांना एल साल्वाडोरच्या तुरुंगात नेऊन टाकलं होतं, डोकी भादरलेले फोटो सगळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे 'दुसऱ्या देशात' हे दोन शब्द वाचताना मी सांगली सोडून भलत्याच ठिकाणांचा विचार करत होतो.

तीन वकील झाले. पहिला म्हणाला, आजच निघ. दुसऱ्याने अर्ध्या तासाचे साडेतीनशे डॉलर घेतले आणि म्हणाला, थांबून बघू. तिसऱ्या वकीलबाईंनी पैशांआधी कागद मागितले. ठशांच्या दिवसापासूनचे सगळे. वाचून झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा मला नीट समजावलं की व्हिसा आणि स्टेटस, म्हणजे इथे राहण्याचा हक्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी ते मनात असं बसवलं : व्हिसा म्हणजे नाट्यगृहाचं तिकीट. दारात दाखवलं, आत आलो, खुर्चीत बसलो. नंतर कुणी ते तिकीट फाडलं तर पुन्हा आत येता येणार नाही, पण चालू प्रयोगातून उठवता येत नाही. सरकारचं स्वतःचं २०१० चं मार्गदर्शनही हेच सांगतं की केवळ व्हिसा रद्द झाला म्हणून सेविसची नोंद बंद करता येत नाही. मग नोंद बंद म्हणजे माझा इथे राहण्याचा हक्क गेला की नाही? यावर बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. "हेच आम्ही कोर्टात विचारतोय. आणि सरकारी वकिलांना उत्तर देता येत नाहीये."

तोपर्यंत काय करायचं, तर दार उघडायचं नाही. न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट असल्याशिवाय घरात येता येत नाही. इमिग्रेशन खात्याने स्वतःच सही करून आणलेला कागद म्हणजे ते वॉरंट नव्हे. तो दाराखालून सरकवायला सांगायचा, सही कुणाची ते बघायचं. वकिलाचा नंबर पाठ करायचा, कारण फोन काढून घेतात. मी तो आंघोळ करताना म्हणत असे, लहानपणी पाढे म्हणायचो तसा. नागपूरच्या रूममेटने दाराच्या आतल्या बाजूला मराठीतच कागद चिकटवला : 'थांब. कोण? कशाला? सही कुणाची?' तेलुगू रूममेटला तो वाचता येत नव्हता, पण त्यालाही पाठ झाला.

एका संध्याकाळी सातला दारावर जोरात थाप पडली. आम्ही तिघं स्वयंपाकघरात फरशीवर बसून राहिलो, दिवे घालवून, गॅसवर भात तसाच. दहा मिनिटांनी नागपूरकर रांगत जाऊन भोकातून बघून आला. पार्सल होतं. कुकरची रबरी रिंग, मीच मागवलेली. आम्ही हसलो, पण कुणीच लगेच उठलं नाही.

वकीलबाईंनी एकदा सहज लम्पकिनचं नाव घेतलं. अटलांटापासून दोन-अडीच तासांवर, जॉर्जियाच्या नैर्ऋत्येला, स्टुअर्ट नावाचं स्थानबद्धता केंद्र तिथे आहे. पकडलं तर बहुधा तिथे, आणि तिथून लुइझियानाला हलवलं तर शोधायलाच दोन दिवस जातात, असं त्या म्हणाल्या. बुफर्ड हायवेवरच्या ज्या मेक्सिकन ठेल्यावर आम्ही शनिवारी जायचो, तिथली बाई जानेवारीपासून दिसेनाशी झाली होती. ती सुट्टीवर गेली असेल असं मी तीन महिने धरून चाललो होतो. स्टुअर्टचं नाव ऐकलं त्या रात्री ती आठवली.

घरी सांगितलं नाही. फक्त ताईला. बाबा निवृत्त शिक्षक. माझ्या अडतीस लाखांच्या कर्जाला त्यांनी राहतं घर तारण दिलेलं. रविवारी फोनवर म्हणाले, "पेपरात आलंय, तिकडे पोरांचे व्हिसे रद्द करतायत म्हणे. तुझं नाही ना रे?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "तेच म्हटलं. तू कशाला कुणाच्या अध्यातमध्यात असणार."

खटला ११ एप्रिलला अटलांटाच्या फेडरल कोर्टात दाखल झाला होता. आधी १७ जण, मग वाढत वाढत १३३. नावं नाहीत. सगळे जेन डो आणि जॉन डो. मी नंतर सामील झालेल्यांपैकी. मुद्दा साधा होता : १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार सरकारला कारण न देता, सूचना न देता, म्हणणं न ऐकता असा निर्णय घेता येत नाही. कठीण होतं ते प्रतिज्ञापत्र. त्यात आपलं 'भरून न येणारं नुकसान' लिहायचं असतं. मी पहिल्या मसुद्यात पगार लिहिला. बाई म्हणाल्या, पैसा भरून येतो, पैशांचं नको. मग घर तारण असल्याचं लिहिलं. म्हणाल्या, हेही शेवटी पैसेच. रात्री दीडपर्यंत मी लॅपटॉपसमोर बसून आपलं काय काय मोडलं आहे याची यादी करत होतो आणि प्रत्येक ओळ इंग्रजीत गेली की किरकोळ दिसत होती. बाबांशी खोटं बोललो हे लिहावं का? लिहिलं नाही. शेवटी 'दारावर थाप पडली की फरशीवर बसतो' हे वाक्य मात्र ठेवलं. बाईंनी ते काढलं नाही.

१७ एप्रिलला सुनावणी झाली. मी गेलो नाही, भीती वाटली. कोर्टाच्या दारातच कुणी उभं असलं तर? सरकारी वकिलाने केलेला एक युक्तिवाद संध्याकाळी वाचला. या विद्यार्थ्यांचं फारसं नुकसान होत नाही, ते आपले क्रेडिट्स दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात नेऊ शकतात, तिथे नोकरी शोधू शकतात. ज्याने हे म्हटलं त्याला पोरं पोत्यासारखी एका गोदामातून दुसऱ्यात हलवता येतात असं खरंच वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेला, न्यायाधीश व्हिक्टोरिया कॅल्व्हर्ट यांचा हंगामी आदेश आला. १३३ जणांच्या नोंदी मंगळवारी, २२ तारखेला, संध्याकाळी पाचपर्यंत पूर्ववत करा, आणि त्याही ३१ मार्चपासून, म्हणजे मधे एका दिवसाचाही खंड दिसणार नाही अशा. हा मागच्या तारखेचा तपशील वकिलांनी मागून घेतला होता. नाहीतर पुढे दहा वर्षांनी ग्रीनकार्डाच्या वेळी कुणीतरी त्या दोन आठवड्यांवर बोट ठेवलं असतं. मंगळवारी डीएसओ बाईंचा मेल आला, एका शब्दाचा : 'अॅक्टिव्ह'.

त्याच्या आदल्या रविवारी बेल वाजली होती. भोकातून बघितलं तर ग्रुपवरच्या त्या काकांच्या घरातल्या काकू. हातात डबा. पोळ्या, मटकीची उसळ, गुळाचा खडा वेगळा गुंडाळून. "तुमच्या मुलांतल्या कुणाचं तरी कळलं," एवढंच म्हणाल्या. काका खाली गाडीत बसून होते, इंजिन चालू. वर आले नाहीत. मी गॅलरीतून हात केला, त्यांनीही केला. आमचं त्यावर आजतागायत बोलणं झालेलं नाही.

२५ एप्रिलला सरकारने कॅलिफोर्नियातल्या कोर्टात सांगितलं की नवं धोरण ठरेपर्यंत देशभरातल्या बंद केलेल्या नोंदी पुन्हा सुरू करत आहोत. साडेचार हजारांहून अधिक. वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांतली ३२७ प्रकरणं गोळा केली होती, तर निम्मी भारतीय मुलांची निघाली. हे सगळं कसं घडलं ते कळलं २९ एप्रिलला, वॉशिंग्टनमधल्या न्यायाधीश ॲना रेयेस यांच्यासमोर. परदेशी विद्यार्थ्यांची सुमारे १३ लाख नावं एनसीआयसीतून फिरवली गेली होती. दहा-वीस माणसं या कामावर, दोन-तीन आठवडे. ६,४०० च्या आसपास जुळली. टेक्ससमधल्या एका भारतीय मुलाची फाइल तिथे उघडली गेली : २०१८ मधलं बेदरकार गाडी चालवण्याचं प्रकरण, केव्हाच रद्द झालेलं. ती नोंद बंद करायचा निर्णय जेमतेम पाव तासात झाला होता. माझ्याही वाट्याला तेवढाच आला असेल, जास्तीत जास्त. माझा राग त्या पाव तासावर आहे. कुणी माझ्यावर डूख धरून हे केलं असतं तर निदान त्याने माझं नाव पूर्ण वाचलं असतं.

मी सुटलो, कारण आम्ही १३३ होतो, इंग्रजी येत होतं, आणि वकिलांना द्यायला काहीतरी होतं. याच अटलांटात मारिओ गेवारा नावाचा साल्वाडोरी पत्रकार वीस वर्षं राहत होता, काम करायचा परवाना बाळगून. इमिग्रेशन खात्याच्या धरपकडी फोनवरून थेट दाखवणारा. १४ जूनला एका निदर्शनाचं वार्तांकन करताना त्याला पकडलं. निदर्शनावरून लावलेले आरोप मागे घेतले गेले, न्यायाधीशाने जामीनही मंजूर केला, तरी सोडलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला विमानात घालून एल साल्वाडोरला पाठवलं. आमच्या मराठी ग्रुपवर त्याच्याबद्दल एकही ओळ आली नाही. मी लिहायला घेतली होती. पाठवण्याआधी मनात आलं, हे कुणी बघत असेल का, आणि फोन खाली ठेवला.

माझी नोंद परत आली, कामही आलं, ओपीटीची मुदत वाढली. व्हिसा मात्र रद्दच आहे. तिकीट फाडलेलं. बाहेर पडलो तर परत येण्यासाठी मुंबईत मुलाखत द्यावी लागेल, आणि त्या अर्जात दोन प्रश्न आहेत : तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमचा व्हिसा कधी रद्द झाला आहे का. दोन्हींना हो. डिसेंबरमध्ये ताईचं लग्न आहे. बाबांना आता सगळं ठाऊक आहे, ताईनेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. फक्त हल्ली फोन ठेवताना "कागद जवळ आहेत ना?" असं विचारतात. असतात. देशात आल्याची नोंद असलेला आय-९४, पासपोर्टची प्रत, कोर्टाचा आदेश, ऑगस्टमधला रद्द झालेला खटला, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, गाडीच्या कप्प्यात.

परवा संध्याकाळी ऑफिसमधून निघताना एका सहकाऱ्याने सांगितलं, तुझा मागचा दिवा लागत नाहीये. यावेळी उजवा. मी गाडी तिथेच ठेवली, पाऊण मैल चालत दुकानात गेलो, बल्ब आणला, फोनच्या उजेडात बसवला. मग नागपूरकराला बोलावून घेतलं. तो मागे उभा राहिला, मी आत बसून ब्रेक दाबला.

"लागतोय?"

"लागतोय."

"दोन्ही?"

"अरे दोन्ही. सोड आता."

मी आणखी एकदा दाबला.